एक वीत मेणबत्ती

मेणबत्ती हातात आली की ती आधी अंगठ्याचं नख लावायची. बुडाशी, जिथं कोणी बघत नाही तिथं. नख रुतलं तर म्हणायची, "कच्ची." नाही रुतलं तर काही बोलायची नाही, मेणबत्ती बाजूला ठेवून द्यायची. पक्की हा शब्द तिच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. चांगल्याला चांगलं काय म्हणायचं, ते तसं असायलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं.

नख काही मेणबत्तीपुरतं नव्हतं. बाजारात दुधी दिसला की नख, काकडी दिसली की नख. भाजीवाल्या बाया तिला लांबून पाहूनच ओरडायच्या, "आपा, नख नोका लावू!"

"मंग काय जीभ लावू?" ती म्हणायची आणि लावायची.

एकदा मला म्हणाली, "मानसाले नख लावता येत नाही ताई. नाही तं किती बरं झालं असतं."

मी म्हटलं, "तुले लावलं असतं तं माझंच नख मोडलं असतं."

ती वारली असं समजू नका. गेलेल्या माणसावर लिहायची रीत आहे हे मला ठाऊक आहे, मी चौथी शिकले असले तरी वाचत असते. पण ही गेलेली नाही, नागपूरला आहे. आमच्या घाटंजीच्या माणसाला त्यात फार फरक वाटत नाही, एवढंच.

नाव लिहीत नाही. सारी गल्ली तिला आपा म्हणते. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तरी मीही आपाच म्हणायचे आणि ती मला ताई. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक भिंत. तिचा नवरा मोटारपंप दुरुस्त करायचा. आमच्या वावरातली मोटार त्यानं इतक्या वेळा खोलली की शेवटी माझे मालक म्हणायचे, ही मोटार आता त्याच्या ओळखीवर चालते. दोघेही आता नाहीत. राहिलो आम्ही दोघी आणि मधली भिंत.

तिच्या मेणबत्त्यांची सुरुवात रागातून झाली. मे महिन्याचे दिवस होते, संध्याकाळी वारा सुटला आणि लाइन गेली. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्त्यांचा पुडा घेऊन आली. उघडून पाहते तर सहाच्या सहा वाकलेल्या. दुकानाचं छत टिनाचं, पुडा दिवसभर त्याच्याखाली शेकत होता. ती तशीच परत गेली. मीही मागं गेले, मला बघायचं होतं.

दुकानदार म्हणाला, "आपा, मेनबत्ती वाकडी असली तरी उजेड सरळच पडते ना?"

दुकानात दोघे-चौघे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. ती नाही हसली. पुडा फळीवर ठेवला आणि म्हणाली, "सरळ करून दाखवतो तुले."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. दुसरा कोणी हसून विसरला असता. हिनं पुढच्या आठवड्यात यवतमाळहून पांढऱ्या मेणाची लादी आणली.

साचे तिनं घरातच शोधले. नवऱ्याच्या सामानात वायरिंगच्या पाइपांचे तुकडे पडले होते, अंगठ्याएवढ्या जाडीचे. ते वीतभर लांबीचे कापले, आतून गोडं तेल लावलं, बुडाला मातीचा गोळा दाबला. मोठ्या गंजात पाणी उकळायचं आणि त्यात छोटा गंज ठेवून मेण वितळवायचं. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. मेणाला थेट जाळ दाखवायचा नाही आणि मेणात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, हे ती एकदा हात भाजून शिकली. दुसऱ्यांदा भाजला नाही.

वात माझ्याकडे आली, कारण मी कापसाच्या घरची. जन्मभर वाती वळल्या, मला काय शिकवायचं? मी देवाच्या दिव्याला वळतात तशा मऊ, जाड वाती वळून दिल्या, अर्धी टोपली. तिनं पहिली मेणबत्ती लावली. ज्योत हातभर उठली, छत काळं झालं आणि मेणबत्ती हां हां म्हणता निम्मी.

"ताई," ती म्हणाली, "मेनबत्ती हाय. होळी नाही."

मग आम्ही शिकलो. सुताची तीन पेडी वेणी घालायची, मिठाच्या आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवायची, सुकवायची, मग मेणात बुचकळून ताठ करायची. ती वात खाली मान घालून शांत जळते. माझी वेणी आजही सरळ येते. डोळ्याला जवळचं दिसत नाही, बोटाला दिसतं.

हिवाळ्यात तिच्या मेणबत्त्या छान व्हायच्या. दिवाळीला आमच्या गल्लीत त्याच लागायच्या, गुरुवारी दर्ग्यावर त्याच. मागच्या गल्लीतल्या विहारातही तिच्याच जाऊ लागल्या. वर्षभर सगळं ठीक. पण एप्रिल उजाडला की पांढऱ्या मेणाची मान खाली जायला लागायची. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर जास्त सांगायला नको, नसेल तर सांगून कळणार नाही. आणि बुद्धपौर्णिमा येते मे महिन्यात.

ती दरवर्षी म्हणायची, "यंदा उभी राह्यली पाह्यजे." दरवर्षी वाकायची.

मग सोयाचं मेण आलं. यवतमाळला बायकांच्या कुठल्या शिबिरात तिनं ते पाहिलं आणि पिशवी भरून आणलं, किसलेल्या खोबऱ्यासारखं. मला हाक मारली. "ताई, हे पाहा! सोयाबीनचं हाय. तुमच्या वावरातलं!"

माझ्या वावरात तेव्हा खरंच सोयाबीन होतं. मी मेण हातात घेतलं, वास घेतला आणि मोठ्या शहाणपणानं बोलले, "आपल्या मातीतलं हाय. आपलं ऊन खाऊन वाढलेलं. हे नाही वाकणार."

तिला ते पटलं. मलाही माझं पटलं. विहाराच्या बुद्धपौर्णिमेसाठी आम्ही सगळ्या मेणबत्त्या सोयाच्या ओतल्या. नख रुतत होतं. ती "कच्ची" म्हणाली. मीच म्हटलं, "नवीन हाय, दोन दिवसांत आवळून येईल." तिनं आयुष्यात नखापेक्षा माझं जास्त ऐकलं ते त्या एकाच वेळी.

दुपारी विहारातून निरोप आला. आम्ही दोघी गेलो. पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडलेल्या मेणबत्त्या पेटवायच्या आधीच खाली बसल्या होत्या. वाकल्या नव्हत्या, बसल्याच होत्या, ताटलीत दही सांडावं तशा. विहाराची व्यवस्था पाहणारे म्हातारे गुरुजी सज्जन माणूस. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या आपा. ध्यानाला बसल्या."

तिनं पदरानं कापड पुसून दिलं, सगळं मेण खरवडून गोळा केलं. घरी येताना रस्त्यात थांबली.

"ताई, सोयाबीन कवा येते घरी?"

"दसऱ्या-दिवाळीच्या आत."

"अन् पेरता कवा?"

"मृगानंतर."

"मंग त्यानं मे महिना पाह्यला कवा?"

मी जन्म वावरात घातला. हे मला सुचायला हवं होतं.

ही गोष्ट नागपूरला तिच्या पोराच्या कानावर गेली. अशा गोष्टी जातातच. पोरगा एसी दुरुस्त करतो, सहनशील आहे, आईवर जीव आहे. दर ईदला येऊन म्हणायचा, अम्मी, चल माझ्याकडे. ती म्हणायची, मला इथं काम आहे. त्या वेळी तो ईदची वाट न पाहता आला. मायलेक आपसात हिंदी बोलतात, पण मी बसले असले की वऱ्हाडीत भांडतात. भांडण मला नीट कळावं म्हणून असेल.

"अम्मी, काम काम काय करतं? उन्हाळ्यात एक मेनबत्ती उभी राहत नाही तुही. लोकं हसून राह्यले. कायले राह्यतं या टिनाखाली? एखाद्या दिवशी तूच पडशील. घर विकू, चाल माझ्यासंगं. तिथं एसी हाय, तिथं कर मेनबत्त्या. एकबी वाकत नाही."

"एसीत मुर्दाबी वाकत नाही," ती म्हणाली. "त्यात मेनबत्तीची काय बहादुरी?"

तो चिडला. मग ती उठली, एक पाइप घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. "ही जाडी. ही एक वीत उंची. पुढच्या मे महिन्यात याच खिडकीत ठेवीन. पंखा नाही, कूलर नाही. नवतपा संपेस्तोवर उभी राह्यली तं तू घराचं नाव काढशीन नोको. वाकली तं मी चूपचाप येतो. घर विक, काई कर."

नवतपा म्हणजे मे संपता संपता येणारे नऊ दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे कावळासुद्धा दुपारी बोलत नाही.

"पक्कं?" पोरगा म्हणाला.

"जबान देली," ती म्हणाली.

त्यानं मग कामातल्या माणसासारखं केलं. एका दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला आणि खिडकीच्या मागच्या लाकडावर पेन्सिलीनं सरळ उभी रेघ मारली. दारातून पाहिलं की मेणबत्ती रेघेवर दिसली पाहिजे. मला म्हणाला, "मावशी, तुमी पंच."

मी पंच झाले, हे लक्षात ठेवा.

तो सगळा हिवाळा ती मेण शोधत होती. या वेळी तिनं माझं शहाणपण विचारलं नाही. स्वतःच म्हणाली, "ज्यानं मे महिना पाह्यला ते मेन पाह्यजे." बाजारात जंगलाकडचा एक कोलाम आदिवासी म्हातारा मध घेऊन यायचा. मध सगळे घ्यायचे, मोहोळाचं पिळलेलं मेण तो फेकून द्यायचा. तिनं ते मागून घेतलं. मोहोळ तर भर उन्हात झाडाला लटकतं, तेव्हा ते उन्हात टिकणारच, असा विचार. विचार चुकीचा होता असं मला त्या वेळी वाटलं नाही.

त्या मेणात माश्यांचे पंख, काड्या, काय काय. तीनदा उकळून, फडक्यातून गाळून ते पिवळं स्वच्छ झालं. साऱ्या गल्लीत मधाचा वास. मार्चमध्ये तिच्या ओट्यावर खऱ्याखुऱ्या मधमाश्या येऊन फिरू लागल्या. पोस्टमननं तिच्या घरी यायचं सोडलं, टपाल माझ्याकडे टाकून पळायचा.

मोहोळाच्या मेणाची मेणबत्ती हळदीच्या रंगाची झाली. तिनं थंडीत नख लावलं. काही बोलली नाही, बाजूला ठेवली.

मे लागला तशी मेणबत्ती खिडकीत उभी राहिली. नख रुतलं नव्हतं, तरी बुडाशी त्याची बारीक चंद्रकोर उमटली होती, ती दाराच्या बाजूला. शेजारी तिनं मुद्दाम दुकानातली एक ठेवली. दुकानातली चौथ्या दिवशी वाकली. पिवळी उभी. पंधरा दिवस झाले, वीस झाले, उभी. नवतपा लागला, उभी. मी रोज दुपारी जाऊन दारातून बघायचे. त्या दिवसांत तिनं दोनदा शेवया केल्या.

नवतप्याच्या पाचव्या दिवशी तिला यवतमाळला जावं लागलं, भाचीच्या घरचं लग्न. दोन रात्रींचा प्रश्न. किल्ली मला दिली. "पाहत जा फक्त," म्हणाली.

सहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता मी कुलूप काढलं. आत भट्टी. दारातून पाहिलं तर मेणबत्तीचं टोक रेघेच्या डावीकडे गेलेलं. एक बोट. मी जवळ जाऊन पाहिलं, लांबून पाहिलं, डोळे पुसून पाहिलं. एक बोट ते एक बोटच.

आता मी काय केलं ते सांगते. मी मेणबत्ती उचलली आणि पाव फेरा फिरवून ठेवली. वाकलेली बाजू मागं लाकडाकडे गेली. दारातून पाहिलं. रेघेवर सरळ. मी कुलूप लावलं, घरी आले आणि चहा करून प्याले. त्या दिवशी मला काही वाईट वाटलं नाही. राहिले होते तीन दिवस. पोरगा येणार, दारातून बघणार, जाणार. संपलं.

ती दुसऱ्या दिवशी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी दारात उभी राहिली, रेघ पाहिली. मी मागं होते. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खांदे सैल झालेले दिसले. मग ती आत गेली, खिडकीपाशी वाकली आणि तशीच राहिली.

"ताई."

"काय?"

"माहं नख चुलीकडे कसं गेलं?"

नखाची खूण मी विसरले होते. मी म्हटलं, "उंदरानं फिरवली असेल."

"उंदीर दोन पायाचा दिसते."

मी चिडले. चूक आपली असली की माणूस आधी चिडतो. म्हटलं, "मग जा नागपूरला. विक घर. मले काय!"

"तुमाले काय नाही," ती म्हणाली, "म्हनून फिरवली?"



तिनं मेणबत्ती उचलली, पुन्हा फिरवली, नख दाराकडे केलं. टोक रेघेच्या बाहेर आलं. मग माझ्यासमोरच पोराला फोन लावला. नवतप्याचे दोन दिवस बाकी होते. त्यानं काही विचारलं नव्हतं, तो कामावर होता.

"वाकली," ती म्हणाली. "एक बोट. हाव. तू ये न्यायले."

माझं नाव तिनं घेतलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

मी तिला म्हटलं, "एक बोट म्हणजे काय वाकणं असते का? मोहोळाच्या मेणानं एवढं केलं हे कमी हाय का?"

"वाकनं हे वाकनंच," ती म्हणाली.

जायच्या आधीच्या बाजारात कोलाम म्हातारा भेटला. त्याला तिनं सांगितलं, तुमचं मेण शेवटी वाकलं. तो हसला. म्हणाला, "बाई, मोहोळाले उन्हाळ्यात माश्या पंखानं वारा घालत राह्यतात. दिवसभर. तुमच्या मेनबत्तीले कोन घालते?"

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे जंगलातल्या मानसाले ठाऊक होतं, अन् आपन त्याले इचारलंच नाही."

नेताना तिनं फार सामान नेलं नाही. कपडे, तीन पाइप, माझ्या वातींची गुंडाळी. छोटा गंज पिशवीत घातला, मोठा ठेवला. पोरानं दाराला नवं कुलूप लावलं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत किल्ली माझ्याकडे. मी स्टँडवर गेले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय बरे होते.

नागपूरहून ती शुक्रवारी फोन करायची. तिसरा मजला, गॅलरीत कबुतरं. सून चांगली आहे, हीच अडचण, भांडायला कोणी नाही. परत यायचं एकदाही बोलली नाही. जबान दिली म्हणजे दिली. पण तिसऱ्या-चौथ्या फोनला म्हणाली, "ताई, इथं इतवारीत मेनाचं मोठं दुकान हाय. शंभर जातीचं मेन."

"नख लावलं असशील साऱ्याले."

"दुकानदार म्हने, आजी, घ्यायचं नसल तं नख नोका लावू. मी म्हटलं, घ्यायचं हाय म्हनूनच लावून राह्यली."

मग सगळे फोन मेणाचेच. तिथं तिला कळलं की पांढऱ्या मेणातही मऊ आणि कडक अशा जाती असतात, आमच्याकडे यायचं ते सगळ्यांत मऊ. त्यात घालायचं एक स्टेरिक म्हणून मिळतं, साबणाच्या चुऱ्यासारखं पांढरं. ते घातलं की मेण घट्ट होतं, पण जास्त झालं तर तडकतं. कमी घातलं, तडकली नाही पण नख रुतलं. जास्त घातलं, नख रुतलं नाही पण पाइपातून निघताना दोन तुकडे. मोहोळाचं मेण थोडं राहिलं होतं, ते चिमूटभर घातलं तर तडकणं थांबलं. हे सगळं तिनं सुनेच्या गॅसवर, सून झोपायच्या आत भांडी घासून ठेवून, नऊ-दहा महिन्यांत केलं. कोणी सांगितलं नव्हतं. पैज तर हरून झाली होती. मी एकदा विचारलं, "आता कायले करतं?"

"उभी नाही राह्यली ना अजून," ती म्हणाली.

या एप्रिलच्या शेवटी गल्लीतला एकजण नागपूरहून आला आणि माझ्या हातात वायरिंगच्या पाइपाचा तुकडा दिला. दोन्ही तोंडं कागदानं बंद. आत मेणबत्ती. तीच जाडी, तीच एक वीत, रंग साईसारखा. बुडाशी नख लावल्याची जागा मी बोटानं शोधली. ओरखडा होता, नुसता ओरखडा. रुतलेलं नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. "भेटली?"

"भेटली."

"खिडकीत ठेवा. नवतपा संपेस्तोवर. अन् ताई, फिरवू नोका."

"म्हातारी झाली मी. फिरवायची ताकद नाही राह्यली."

"मांगच्या साली होती."

घर अजून विकलं गेलं नव्हतं. दोन गिऱ्हाइकं येऊन टिन बघून गेली होती. मी कुलूप काढलं, खिडकी पुसली, मेणबत्ती रेघेवर ठेवली. ओरखडा दाराकडे. शेजारी दुकानातली एक, ती जशी ठेवायची तशी. त्यानंतर रोज तीन वाजता मी जायचे, दारात उभी राहायचे, बघायचे आणि परत यायचे. उंबऱ्याच्या आत पाय टाकत नव्हते. स्वतःवर भरोसा नसला की माणसानं उंबऱ्याबाहेर राहावं.

दुकानातली तिसऱ्या दिवशी वाकली. सातव्या दिवशी तिचं डोकं खालच्या ताटलीला टेकलं. हिची रेघेवर. नवतप्यात माझ्या घरात ठेवलेला गुळाचा खडा पाझरला, चपलेचा तळ सुटला. हिची रेघेवर. नववा दिवस मावळला तेव्हा मी आत गेले. चारी बाजूंनी पाहिलं, डाव्या बाजूनं, उजव्या बाजूनं, लाकडाच्या बाजूनं डोकं घालून. मग घरी येऊन फोन लावला. तिला नाही लावला, पोराला लावला. पैज त्याच्याशी होती आणि पंच मी होते.

"मेनबत्ती उभी हाय," मी म्हटलं. "येऊन पाहून जा."

"कोनती मेनबत्ती, मावशी?"

त्याला आईनं काहीच सांगितलं नव्हतं.

तो रविवारी एकटा आला. दारातून रेघ पाहिली. मग जवळ गेला. आईचा पोरगा, चारी बाजूंनी पाहिलं. म्हणाला, "मावशी, भारी बनवली. पन पैज मांगच्या सालची होती. ते तं अम्मीनंच कबूल केलं."

तेव्हा मी त्याला सांगितलं. सहावा दिवस, तीन वाजता, पाव फेरा. "दारातून सरळ दिसत होती. तुले कळलं नसतं. कोनालेच कळलं नसतं. ती चूप बसली असती तं आज या घरात असती. तुही माय एक बोटासाठी घर सोडून गेली. अन् मी पंच होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, बोलायला पाहिजे होतं. तो खाली बसला. चुलीपुढच्या जागेवर, जिथं ती बसायची. वर टिनाकडे पाहू लागला. मग म्हणाला, "मले तं तिनं इतकंच सांगितलं, वाकली. मले वाटलं थकली असल, म्हनून लवकर कबूल केलं. मी खुश झालतो, मावशी."

 पंचानं दरवेळी बोलायचं नसतं.

तो उठला. मेणबत्ती हातात घेतली, उलटी केली आणि बुडाला अंगठ्याचं नख लावलं. दाबलं, चांगलं जोर लावून दाबलं. मग काही बोलला नाही. मेणबत्ती जिथं होती तिथं ठेवून दिली.

जाताना त्यानं दाराचं कुलूप काढलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. दार नुसतं लोटलं, वरची कडी लावली. "टिनाखाली थर्माकोल लावून देतो," म्हणाला, "तिले सांगू नोका, नाही म्हनते." मी म्हटलं, मेणबत्तीची परीक्षा संपली आहे, आता लाव.

ती अजून आलेली नाही. शुक्रवारी फोन आला होता. आवाज नेहमीचा, कबुतरांची तक्रार, सुनेची तारीफ. ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, वाती कितीक हायेत?"

मी म्हटलं, आहेत थोड्या.

थोड्याच होत्या. आता सूत आणलं आहे, तीन पेडी वेण्या घातल्या आहेत, मिठाच्या पाण्यातून काढून मधल्या भिंतीवरच्या दोरीवर टाकल्या आहेत. कुलुपाची किल्ली माझ्या कनवटीला तशीच आहे, कशाला लागत नाही. मेणबत्ती खिडकीत आहे, नख दाराकडे.